शिदोरी : बीडच्या मातींतील एक जुनी विद्या

पुण्या-मुंबईकडील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक रीत रूढ होत चालली आहे. आदितवारीं सकाळीं ज्वारीचे किंवा बाजरीचे रात्रभर भिजविलेले दाणे शिजवून ठेवावयाचे, कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे थोड्या तेलावर भाजून घ्यावयाचे, त्यांत मोडाचीं कडधान्यें, काकडी, कांदा, कोथिंबीर अशीं पदार्थांची भर घालावयाची, आणि हें सारें निरनिराळ्या डब्यांत भरून शीतकपाटांत ठेवून द्यावयाचें. म्हणजे सोमवारपासून कचेरींतील दुपारच्या जेवणाची चिंता उरत नाहीं. घरांतील वडील माणसें ह्या डब्यांकडे पाहून नाक मुरडतात. ‘शिळें खाऊन कोणी निरोगी झालें आहे काय?’ असा त्यांचा प्रश्न असतो. तरुण मंडळींचें उत्तर असें कीं, ही पाश्चात्य देशांतील शास्त्रशुद्ध पद्धति आहे. दोन्ही पक्षांचें एका गोष्टीविषयीं मात्र एकमत आहे, आणि ती ही कीं, आगाऊ रांधून ठेवलेलें थंड अन्न दुपारीं खाणें ही आपल्याकडे नवी व परकी गोष्ट आहे. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें नेमकें येथेंच चुकतें. ह्या चुकीचें निरसन करण्यासाठीं वाचकांनीं क्षणभर बीड जिल्ह्याकडे वळावें अशी आमची विनंती आहे.

बीड जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग गोदावरीच्या कांठचा, काळ्या जमिनीचा. दक्षिणेकडे बालाघाटचे डोंगर, हलकी जमीन आणि बेभरंवशाचा पाऊस. वर्षाकाठीं सरासरीनें साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असें कागदोपत्रीं दिसतें. पण सरासरीनें विहीर भरत नाहीं, हें येथील शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. अशा मुलखांत माणसास जगविलें तें ज्वारीनें, त्यांतही रब्बीच्या ज्वारीनें. पेरणीनंतर जवळजवळ पाऊस न होतांही काळ्या मातींत मुरलेल्या ओलीवर हें पीक उभें राहतें. सोलापूर जिल्ह्यांत मोहोळ येथें निवडलेली ‘मालदांडी’ आजही ह्या प्रदेशांत आवडीनें पेरली जाते. भाकरीस तिची चव, आणि जनावरांस तिचा कडबा, असे दोन्ही लाभ तिच्यांत आहेत.

ज्या गांवचें शेत घरापासून कोसभर दूर आहे, त्या गांवीं दुपारचें जेवण घरीं येऊन करणें परवडत नाहीं. म्हणून जेवणच शेताकडे चालत जातें. ह्या चालत्या जेवणाचें नांव शिदोरी. भाषा ह्या बाबतींत फार काटेकोर आहे. शिधा म्हणजे न शिजविलेलें धान्य, डाळ, पीठ. शिदोरी म्हणजे शिजवून बांधून घेतलेलें अन्न. ज्याच्याजवळ चूल, सरपण, पाणी आणि वेळ आहे त्यास शिधा पुरतो. ज्यास ह्यांपैकीं एकही मिळण्याची खात्री नाहीं, त्यास शिदोरीच हवी. संस्कृतांत हिला पाथेय म्हणतात, पण त्या शब्दांत केवळ प्रवाशाची वाट आहे. मराठी शिदोरींत वाटेबरोबर बांधही आहे आणि कामही आहे. भाकरीसोबत खावयाच्या कालवणास मराठवाड्यांत ‘कोरड्यास’ म्हणतात. मुख्य वस्तु कोरडी भाकरी, बाकीचें सर्व तिच्यासाठीं, असा ह्या शब्दाचा भाव आहे; एका प्रदेशाचें सारें अर्थशास्त्र त्यांत आलें आहे.

आतां शिळेपणाच्या आक्षेपाकडे वळूं. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि शिळें अन्न तामस प्रकृतीच्या माणसास प्रिय असतें असें तेथें म्हटलें आहे. शास्त्रवचनाचा आदर ठेवूनही एक प्रश्न विचारावासा वाटतो. प्रत्येक वेळीं ताजें अन्न कोणास मिळत असे? ज्याच्या घरीं रांधणारीं माणसें दिवसभर घरांत असत, त्यास. जिला स्वतःलाच खुरपें घेऊन शेतांत जावयाचें असे, तिनें दुपारीं ताजें अन्न कोठून आणावें? लोकाचारानें मात्र ह्यांतून आपली वाट काढली. श्रावणांतील शीतला सप्तमीस चूल पेटवावयाची नाहीं, आदल्या दिवशीं केलेलेंच थंड अन्न देवीस दाखवून खावयाचें, असा आचार आहे. वर्षांतून एक दिवस कां होईना, पण शिळ्या अन्नास देवतेचा आणि चुलीस विश्रांतीचा मान मिळाला.

शिवाय, कोणतें अन्न किती टिकतें ह्याचें ज्ञान आमच्या बायकांस पुस्तकांवांचून होतें. ज्वारीच्या पिठांत गव्हाप्रमाणें चिकट सत्त्व नसतें. म्हणून तें कढत पाण्यानें मळावें लागतें, आणि पीठ फार दिवस ठेविलें तर त्याची विरी जाऊन भाकरी थापतां येत नाहीं. तेव्हां पीठ ताजें पाहिजे, भाकरी मात्र शिळी चालते. प्रवास दोन दिवसांचा असेल तर पीठ दुधांत मळून दशम्या करावयाच्या. ज्वारीच्या पिठांत डाळीचें पीठ, तिखट, तीळ, ओवा घालून केलेले धपाटेही तसेच टिकतात. सोलापूरकडील कडक भाकरी पापडासारखी वाळवितात, व ती महिनेच्या महिने राहते. ह्या सर्वांमागील तत्त्व एकच : जेथें ओल कमी तेथें कुजणें कमी. सोबतीस शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी, तीही कोरडीच.

पण शिजविलेल्या दाण्यांचें काय? तेही आमच्याकडे आहेतच. ज्वारी भरडून शिजविलेल्या कण्या रात्रीं करून ठेवावयाच्या आणि सकाळीं ताकांत कालवून खावयाच्या, ही जुनी न्याहारी आहे. गहूं, ज्वारी किंवा हरभरा अख्खा उकडून केलेल्या घुगऱ्या मुलांच्या ओच्यांत घालून देत. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येस सारें घर आदल्या रात्रीपासून रांधून ठेवतें, आणि सकाळीं डोक्यावर मडकीं घेऊन शेताची वाट धरतें. अनेक भाज्या व ओलीं कडधान्यें एकत्र शिजविलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट ताकांतलें आंबील, असें तें जेवण असतें. ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसास हांक मारून ह्या पंगतीस बसवितात. नव्या डब्यांतील दाण्यांच्या मिश्रणाहून हें निराळें कोठें आहे? फार तर एवढेंच कीं, तें एकट्यासाठीं नाहीं.

अलीकडील आहारशास्त्रानें ह्या रीतीस आणखी एक आधार दिला आहे. शिजविलेलें पिष्ट थंड झालें कीं त्याचा कांहीं भाग अशा रूपांत बदलतो कीं तो लहान आंतड्यांत सहज पचत नाहीं. त्यामुळें रक्तांतील साखर एकदम चढत नाहीं आणि भूक बराच वेळ लागत नाहीं. थंड भाकरी ‘पोटाला धरून राहते’ असें जें शेतकरी म्हणतो, त्याचा अर्थ बहुधा हाच असावा. ज्वारींत शंभर ग्रॅमांमागें सुमारें दहा ग्रॅम प्रथिनें असतात; परंतु लायसीन नांवाच्या आवश्यक घटकाची त्यांत उणीव असते. ती उणीव हरभऱ्यासारख्या डाळीनें भरून निघते, तशीच कोंबडीच्या मांसानेंही निघते. धान्यांतील लोह शरीरांत शोषलें जाण्यासही मांसाचा आणि लिंबाच्या रसाचा उपयोग होतो. म्हणजे ज्वारी, हरभरा, कोंबडी आणि वर पिळलेलें लिंबू ही सांगड केवळ नवलाईची नसून सयुक्तिक आहे.

मग प्रश्न उरतो कीं, जुन्या शिदोरींत धान्य होतें, चटणी होती, मग कोंबडी कां नव्हती? ह्याचें एक उत्तर धर्मशास्त्रांत आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत गांवांत हिंडणारा कोंबडा अभक्ष्य ठरविला आहे, आणि पांढरपेशा घरांत हा निषेध दीर्घकाळ पाळला गेला. परंतु बीडच्या खेड्यांतील बहुसंख्य समाज मांसाहारी होता. त्याच्यापुरतें हें उत्तर पुरेसें नाहीं. तेथें कारण निराळें होतें. गावरान कोंबडी ही घरच्या बाईची लहानशी ठेव असे. अंडीं विकून मीठ-मिरची येई. पाहुणा आला किंवा देवाचें नवस-जत्रेचें काम निघालें तरच कोंबडी कापली जाई. जी वस्तु वर्षांतून चार-सहा वेळां घडते, ती रोजच्या फडक्यांत कशी बांधावी? आणि रस्सा सांडतो, उन्हांत दुपारपर्यंत आंबतो, ही अडचण होतीच.

मांस टिकविण्याची विद्या ज्यांस साधली होती त्यांचा उल्लेख ह्या इतिहासांत क्वचितच होतो. मराठवाड्यांतील महार-मांग वस्त्यांतून मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हांत वाळवून ठेवीत. त्यांस चान्या म्हणत. शाहू पाटोळे ह्यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ह्या २०१५ सालच्या पुस्तकांत ह्या अन्नसंस्कृतीची नोंद केली आहे. मांस फुकट किंवा स्वस्तांत हातीं येई तें एकदम व पुष्कळ, आणि पुढें कित्येक दिवस कांहींच नाहीं. अशा स्थितींत वाळवण हाच एक उपाय होता. गांवानें ज्यांस वेशीबाहेर ठेविलें, त्यांनींच आठवड्याच्या बेगमीचें हें शास्त्र अतिशय कष्टानें वाढविलें. आज जो सुशिक्षित मनुष्य आदितवारीं मांस शिजवून चार दिवसांसाठीं राखून ठेवतो, त्यानें ही गोष्ट विसरणें योग्य होणार नाहीं.

राजदरबारचें अन्न मात्र नेहमींच नोंदलें गेलें. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर ह्याच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत राजाच्या भोजनाचें सविस्तर वर्णन आहे. मांडे, वडे, पुऱ्या, निरनिराळीं मांसें ह्यांच्या कृति त्यांत सांपडतात. त्याच राजाच्या राज्यांतील नांगरवाल्यानें दुपारीं बांधावर काय खाल्लें हें लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाहीं. अंबाजोगाईस दासोपंतांनीं कापडावर लिहिलेली विशाल पासोडी भक्तीनें जपून ठेविलेली आहे. शिदोरीचें फडकें मात्र फाटेपर्यंत वापरलें गेलें आणि मग त्याचें पोतेरें झालें. ज्या वस्तु रोज वापरल्या जातात त्यांचा इतिहास उरत नाहीं, ही इतिहासाच्या अभ्यासकाची नेहमींची रड आहे.

तरी एका ठिकाणीं शिदोरीस अक्षरांत स्थान मिळालें, आणि तें संतांच्या वाङ्मयांत. गोपाळांनीं आपापल्या शिदोऱ्या सोडाव्या, कृष्णानें त्या एकत्र कालवाव्या आणि सर्वांस वांटाव्या, ह्या कथेवर नामदेव, एकनाथ, तुकाराम ह्यांनीं काल्याचे अभंग रचले. पंढरपुरास आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरीं काला होतो, आणि त्यानंतर पालख्या परतीच्या वाटेस लागतात. लाह्या, पोहे, दहीं, लोणचें असें सारें एकत्र केलेलें हें थंड अन्न. पण त्यांतला मुख्य घटक म्हणजे कोणाची शिदोरी कोणती हें ओळखूं न येणें. अर्थात् काल्याची समता वाळवंटांतच बहुधा संपत असे. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर राहिली, आणि अस्पृश्य मानलेल्यांस पंढरपूरचें मंदिर खुलें होण्यासाठीं साने गुरुजींस १९४७ सालीं उपोषण करावें लागलें. आदर्श आणि आचार ह्यांतील हें अंतर झांकण्यांत अर्थ नाहीं.

शिधा आणि शिदोरी ह्यांतील भेद लढायांच्या इतिहासांतही दिसतो. बीड जिल्ह्यांत गेवराईच्या बाजूस गोदावरीकांठीं राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांच्या सैन्यानें निजामाचा पराभव केला. नदीस पूर होता, निजाम पैलतीरीं गेला होता, आणि अलीकडे राहिलेल्या फौजेसह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. ह्या लढाईचें वर्णन आम्ही शाळेंत शिकवितों. पण अशा हजारों माणसांच्या सैन्यास खाऊं कोण घालीत असे हें सहसा शिकवीत नाहीं. तें काम लमाणांचें असे. हजारों बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून त्यांचे तांडे दख्खनच्या वाटांनीं सैन्यामागून चालत. पुढें एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि ह्या तांड्यांचा व्यापार बुडाला. त्यांचे वंशज बालाघाटच्या माळरानांवर वसले, आणि त्यांपैकीं कित्येक कुटुंबें आज दरवर्षीं धान्याऐवजीं ऊंस वाहावयास घराबाहेर पडतात.

येथें कथा वर्तमानाकडे येते. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील विहिरी आटल्या आणि लाखों माणसें रोजगाराच्या कामांवर खडी फोडावयास गेलीं. त्या वेळीं परदेशाहून आलेल्या तांबड्या ‘मिलो’ ज्वारीच्या भाकरी लोकांनीं खाल्ल्या, आणि कामावर सुकडी नांवाचा कोरडा, गोडसर, तयार खाऊ वांटला गेला. शिदोरी प्रथमच सरकारनें बांधून दिली असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या दुष्काळांतूनच रोजगार हमीची कल्पना रूढ झाली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. परंतु घरापासून दूर जाऊन काम शोधण्याची जी वाट होती ती बंद झाली नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखाने वाढत गेले, आणि त्यांचा ऊंस तोडावयास बीडचीं माणसें लागलीं. दसरा-दिवाळी झाली कीं धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर ह्या तालुक्यांतील गांवें ओस पडूं लागतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बिऱ्हाड गाडींत टाकावयाचें, आणि चैत्रापर्यंत परक्या मुलखांत कोपींत राहावयाचें. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मोजणींतच बाईचें वेगळें अस्तित्व उरत नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या एका मुलीनें वर्गांत शिदोरीवर निबंध लिहिला होता. तिची आई फडांत पहाटे तीन वाजतां उठून भाकऱ्या थापते, कारण चार-पांच वाजतां टोळी निघते. सकाळची न्याहारी आणि दुपारचें जेवण त्याच थापणींतून निघतें. उजाडण्यापूर्वीं दोघें ऊंस तोडावयास लागतात. दोघांचें काम सारखें, उचल दोघांवर सारखी, पण त्या अगोदरचे दोन तास केवळ आईचे. मुलीनें शेवटीं लिहिलें होतें, ‘आईची झोंप आम्हीं भाकरीबरोबर खाल्ली.’ आमच्या हातून त्या वाक्याखालीं कांहीं शेरा लिहवला नाहीं. ह्याच कष्टकरी स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं देशभर गाजला, आणि सरकारनें त्यासाठीं चौकशी समिति नेमली. दिवस बुडूं नये म्हणून शरीर झिजवावयाचें, ही गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत पोंचण्याच्या कितीतरी आधीं, पहाटेच्या त्या चुलीपाशींच सुरू झालेली असते.

म्हणून आगाऊ रांधून ठेवण्याच्या नव्या रीतीचें आम्हीं स्वागत करतों तें ती नवी आहे म्हणून नव्हे, आणि ती पाश्चात्य आहे म्हणून तर नव्हेच. ह्या रीतींत रोजच्या रोज चुलीपुढें बसण्याची सक्ति एखाद्या स्त्रीवरून उतरण्याची शक्यता आहे, हें तिचें खरें मोल. परंतु तें तेव्हांच, जेव्हां आदितवारच्या त्या तीन-चार तासांत घरांतील पुरुषही दाणे निवडील, कोंबडी धुईल आणि डबे भरील. नाहीं तर पांच सकाळींचे कष्ट एका आदितवारीं गोळा झाले, एवढाच काय तो फरक.

ज्यांस ही रीत उचलावयाची असेल त्यांनीं जुन्या बायकांचा काटेकोरपणाही उचलावा. ज्वारी आठ-दहा तास भिजवून मगच शिजवावी, दाणा मऊ झाला तरी अख्खा राहिला पाहिजे. शिजविलेली कोंबडी दोन तासांच्या आंत शीतकपाटांत गेली पाहिजे, आणि ती तीन, फार तर चार दिवस खावी. शुक्रवारसाठीं आदितवारची कोंबडी ठेवूं नये. बुधवारीं रात्रीं थोडें पुन्हां शिजवावें, किंवा शेवटचे दोन दिवस हरभऱ्याच्या घुगऱ्यांवर काढावे. काकडी, कांदा, लिंबू हीं आयत्या वेळीं मिसळावीं. ओल आणि ऊब ह्या दोन गोष्टी अन्नाच्या वैरी आहेत, हें दशम्या करणाऱ्या आजीस जितकें ठाऊक होतें तितकें शीतकपाटाच्या भरंवशावर राहणाऱ्या नातवास असेलच असें नाहीं.

मुंबईस १८९० च्या सुमारास डबेवाल्यांची व्यवस्था सुरू झाली, ती घरचें ताजें व गरम अन्न कचेरींत पोंचावें ह्यासाठीं. तिच्याही पाठीमागें सकाळीं लवकर उठलेली एक गृहिणी होती. तिच्याजवळ निदान डबा नेणारा मनुष्य होता. बीडच्या फडांतील बाईजवळ तोही नाहीं, ती स्वतःच रांधते, स्वतःच बांधते आणि स्वतःच डोक्यावर घेऊन चालते. शहरांतील वाचकांनीं आपला डबा उघडतांना तिची आठवण ठेवावी एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच. डब्यांतील ज्वारी बहुधा तिच्याच शेजारच्या शिवारांतली असते, आणि त्यानंतर घेतलेल्या चहांतील साखर तर तिच्याच कोयत्याखालून आलेली असण्याचा संभव आहे.